शब्द उरले, चाल हरवली: शेकडो वर्षांपूर्वीचं ख्रिस्ती भक्तिसंगीत आज आपण नेमकं कसं ऐकतो?

लोह्यासारख्या गावात वाढलेल्या कानाला भक्तिसंगीत नवीन नाही. हरिनाम सप्ताहातलं कीर्तन, माळेगावच्या यात्रेत खंडोबासमोरचं वाघ्या-मुरळीचं जागरण, उरुसातली कव्वाली, नांदेडच्या हुजूर साहिबमधलं शबद कीर्तन. हे सगळं तासाभराच्या अंतरात ऐकायला मिळतं.

पण मोबाइलवर स्क्रोल करताना कधी तरी एखादा वेगळाच व्हिडिओ समोर येतो. दगडी चर्चमध्ये दहा-बारा जण वाद्यांशिवाय गात असतात. शब्द कळत नाहीत, ताल सापडत नाही, सम कुठे आहे तेही समजत नाही. तरीही बोट पुढे सरकत नाही. खाली लिहिलेलं असतं : 'बाराव्या शतकातलं संगीत'.

इथे दोन प्रश्न पडायला हवेत. बाराव्या शतकात रेकॉर्डिंग नव्हतं, मग हे सूर आले कुठून? आणि चारशे वर्षांपूर्वी मराठीत ख्रिस्ताची कथा ओव्यांमध्ये रचली आणि गायली गेली होती, तर तिची मूळ चाल का ऐकायला मिळत नाही?

या दोन प्रश्नांची उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत.

खरं रेकॉर्डिंग किती जुनं आहे?

ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गाइसबर्ग १९०२ च्या एप्रिलमध्ये रोममध्ये होते. तिथे त्यांनी सिस्टीन चॅपलच्या गायकवृंदातले अलेस्सांद्रो मोरेस्की यांचा आवाज ध्वनिमुद्रित केला. मोरेस्की 'कास्त्राती' परंपरेतले होते. या परंपरेत मुलांचा आवाज फुटू नये म्हणून लहानपणीच त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली जायची. अशा गायकाच्या एकल आवाजाची उपलब्ध रेकॉर्डिंग फक्त मोरेस्की यांची आहेत.

हेच गाइसबर्ग त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कोलकात्यात आले आणि त्यांनी गौहर जान यांना ध्वनिमुद्रित केलं. म्हणजे हिंदुस्थानी संगीत आणि व्हॅटिकनचं संगीत जवळपास एकाच वेळी तबकडीवर आलं.

याचा साधा अर्थ असा की, ध्वनिमुद्रण सुरू होण्याआधीचं कोणतंही संगीत आपण 'जसंच्या तसं' ऐकत नाही. बाराव्या शतकातलं म्हणून जे कानावर पडतं, ते आजच्या गायकांनी जुन्या कागदांवरून पुन्हा उभं केलेलं असतं. साधारण १७५० पूर्वीच्या युरोपीय संगीताला 'अर्ली म्युझिक' म्हणतात आणि ते अशा प्रकारे उभं करणं हे स्वतंत्र शास्त्रच झालं आहे.

कागदावर सूर कसे उतरले?

पश्चिम युरोपातल्या मठांमध्ये लॅटिन प्रार्थना एकाच सुरावटीत गायल्या जायच्या. याला 'ग्रेगोरियन चांट' म्हणतात. सुरुवातीला हे सगळं तोंडी चालायचं. गुरूकडून शिष्याकडे, जसं आपल्याकडे.

नवव्या-दहाव्या शतकात शब्दांच्या वर छोट्या खुणा काढायला सुरुवात झाली. आवाज इथे वर जातो, इथे खाली येतो, एवढंच त्या सांगायच्या. किती वर आणि किती खाली, हे त्यात नसायचं. ज्याला चाल आधीच येते, त्यालाच त्या खुणा उपयोगी पडत.

अकराव्या शतकात इटलीतल्या ग्विदो दारेत्सो या साधूनं आडव्या रेषांवर सूर मांडायची पद्धत पक्की केली. 'उत, रे, मी, फा, सोल, ला' ही नावंही त्याचीच. ती त्यानं एका लॅटिन स्तोत्रातल्या ओळींच्या पहिल्या अक्षरांवरून घेतली. आता पूर्वी कधीच न ऐकलेलं गाणं कागद बघून गाता येऊ लागलं.

याच पद्धतीमुळे जर्मनीतल्या हिल्डेगार्ड (१०९८–११७९) या मठाधिपती बाईंच्या रचना आज गाता येतात. मुक्ताबाईंच्या आधी सुमारे शंभर वर्षं त्या होऊन गेल्या. त्यांचे शब्द उरले आणि सूरही उरले.

मग मराठीत काय झालं?

फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडमधून आलेले जेझुइट धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यात पोहोचले. त्यांनी इथली भाषा इतकी आत्मसात केली की सुमारे अकरा हजार ओव्यांचं 'ख्रिस्तपुराण' रचलं. १६१६ मध्ये गोव्यातल्या राचोल इथे ते रोमन लिपीत छापलं गेलं. त्यात मराठी भाषेची स्तुती आहे, ओवीचा साचा आहे आणि पुराणकथेची सांगण्याची रीतही आहे. गोव्याच्या चर्चमध्ये आणि घरांमध्ये ते वाचलं आणि गायलं जायचं.

१६४९ आणि १६५४ मध्ये ते पुन्हा छापलं गेलं. पण या तीनपैकी एकाही आवृत्तीची प्रत आज सापडत नाही. १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेनं स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध हुकूम काढला. तरीही पुराण टिकलं, कारण लोकांनी हातानं नकला करून ठेवल्या होत्या. अशाच हस्तलिखितांवरून १९०७ मध्ये मंगळूरला जोसेफ सालढाणा यांनी ते पुन्हा छापलं.

म्हणजे शब्द वाचले. पण त्यांच्यासोबत चाल लिहिलेली नव्हती. ती लिहायची गरज कुणाला वाटली नसणार. ओवी कशी म्हणायची हे सगळ्यांनाच माहीत होतं.

गंमत अशी की त्याच काळात गोव्यातल्या चर्चच्या शाळांमध्ये मुलांना पाश्चात्त्य स्वरलेखन शिकवलं जात होतं. लॅटिन गाणी कागदावर उतरत होती. मराठी ओवी मात्र कानावरच राहिली.

टिळक, कीर्तन आणि 'चाल : अमुक'

एकोणिसाव्या शतकात अहमदनगर (आता अहिल्यानगर) हे मराठी ख्रिस्ती साहित्याचं मोठं केंद्र झालं. तिथे कृष्णराव सांगळे यांच्यासारख्या रचनाकारांनी ख्रिस्ती पदं लिहिली आणि कीर्तनाचा साचा घेऊन बायबलमधल्या कथा सांगायला सुरुवात झाली. मराठवाड्यात, जालन्याजवळ, रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी बेथेल ही वस्ती उभी केली. मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएली ज्यूंनीही याच शतकात कीर्तन आपलंसं केलं. कीर्तन हे तेव्हा सगळ्यांचंच माध्यम होतं.

मग आले नारायण वामन टिळक (१८६१–१९१९). १८९५ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्याआधीच ते मराठीतले नावाजलेले कवी होते. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय नेहमी सांगितला जातो. त्यांनी शेकडो भजनं आणि अभंग लिहिले. 'उपासना संगीत' या मराठी चर्चमधल्या गीतपुस्तकात आजही त्यांची पदं मोठ्या संख्येनं आहेत. टाळ, पेटी आणि तबल्यावर ती गायली जातात.

इथेही अडचण तीच. मराठी पदांची जुनी पुस्तकं उघडली तर पदाच्या डोक्यावर अनेकदा 'चाल' म्हणून दुसऱ्याच एखाद्या गाण्याची ओळ दिलेली दिसते. वाचणाऱ्याला ते गाणं येतं, असं गृहीत धरलेलं असतं. ते दुसरं गाणं विस्मरणात गेलं की या पदाची चालही गेली. नवव्या शतकातल्या मठातल्या खुणा आणि आपली 'चाल : अमुक' ही नोंद, दोन्हींचं काम सारखंच आहे. ज्याला आधीच येतं त्यालाच त्या आठवण करून देतात.

हे संगीत ऐकायचं कसं?

जगभरच्या ख्रिस्ती परंपरा एकमेकींपासून खूप वेगळ्या आहेत. प्रत्येक ठिकाणी कानानं एक वेगळी गोष्ट पकडली तर ऐकणं सोपं होतं. हेडफोन लावा आणि एका वेळी एकच रेकॉर्डिंग ऐका.

*एकच सूर, लांब श्वास.* हिल्डेगार्ड यांच्या रचनांचा 'अ फेदर ऑन द ब्रेथ ऑफ गॉड' हा 'गॉथिक व्हॉइसेस' या गटाचा अल्बम १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आला आणि या संगीताकडे जगाचं लक्ष गेलं. इथे तालाची वाट बघू नका. आलाप ऐकतो तसं ऐका. ओळ कुठे चढते, कुठे विसावते, गायिका श्वास कुठे घेते, एवढंच बघा.

*खाली धरलेला षड्ज.* ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्चच्या बायझंटाइन गायनात काही गायक एकच स्वर धरून ठेवतात आणि त्यावर मुख्य गायक फिरतो. या धरलेल्या स्वराला 'इसोन' म्हणतात. तानपुऱ्याची सवय असलेल्या कानाला तो लगेच ओळखीचा वाटतो. २०१९ मध्ये या गायनाचा युनेस्कोच्या वारसा यादीत समावेश झाला. लेबनॉनच्या सिस्टर मारी केरूझ यांची अरबी भाषेतली रेकॉर्डिंगही ऐका. त्यांच्या गळ्यातली हरकत आपल्याला परकी वाटत नाही.

*एकाच वेळी अनेक सुरावटी.* हा प्रकार भारतीय कानाला सगळ्यात अवघड जातो, कारण आपल्याकडे मुख्य सुरावट एकच असते. इंग्लंडच्या थॉमस टॅलिस यांची 'स्पेम इन आलियम' ही सोळाव्या शतकातली रचना ४० स्वतंत्र आवाजांसाठी आहे. सगळं एकदम ऐकायला गेलं तर गोंधळ वाटतो. एकच आवाज निवडा आणि शेवटपर्यंत त्याच्या मागे जा. पुढच्या वेळी दुसरा निवडा. दिंडी लांबून एक वाटते आणि जवळ गेलं की प्रत्येक टाळकरी वेगळा दिसतो, तसं हे आहे.

*ताल आणि पावलं.* इथिओपियाच्या चर्चमध्ये मोठे ढोल, हातात खुळखुळणारं 'सिस्ट्रम' आणि काठ्या घेऊन डोलणारे गायक असतात. तिथली परंपरा या गायनाचं श्रेय सहाव्या शतकातल्या संत यारेद यांना देते. चर्चसंगीत म्हणजे शांत आणि गंभीरच असतं, हा समज इथे मोडतो. पावली खेळणाऱ्या वारकऱ्यांना हे पटकन कळेल.

*भारतातला जुना सूर.* केरळच्या सिरियन ख्रिस्ती समाजात सिरियाक भाषेतली गाणी पिढ्यान्‌पिढ्या गायली गेली. ही भाषा येशूच्या काळातल्या अरामी भाषेच्या कुळातली. संगीत अभ्यासक फादर जोसेफ पालक्कल यांनी ही गाणी गोळा केली आणि २००२ मध्ये 'कंबेल मारन' हा अल्बम आला. ज्या पिढीला ही भाषा आणि चाली येत होत्या ती हयात असतानाच हे काम झालं, हे त्यातलं महत्त्वाचं.

इमारतही गाते

विजापूरच्या गोलघुमटात टाळी वाजवून पाहिलेली असेल तर पुढचा भाग लगेच कळेल. जुनं चर्चसंगीत विशिष्ट इमारतींसाठी घडलेलं आहे. दगडी घुमटाखाली एक स्वर संपायच्या आत पुढचा सुरू होतो आणि दोन्ही एकमेकांत मिसळतात. म्हणून गाण्याचा वेग संथ ठेवलेला असतो.

इस्तंबूलच्या हागिया सोफियामध्ये आवाज सुमारे ११ सेकंद घुमत राहतो. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अभ्यासकांनी तिथे फुगे फोडले, त्यांचा आवाज कसा घुमतो हे रेकॉर्ड केलं आणि त्यावरून संगणकात त्या इमारतीचा घुमार तयार केला. 'कॅपेला रोमाना' या गटाचे गायक अमेरिकेत गायले, पण ऐकताना ते त्या घुमटाखाली उभे असल्यासारखे वाटतात. 'लॉस्ट व्हॉइसेस ऑफ हागिया सोफिया' हा अल्बम २०१९ मध्ये आला.

म्हणून मोबाइलच्या स्पीकरवर हे संगीत अनेकदा कंटाळवाणं वाटतं. स्पीकरवर घुमार पोहोचतच नाही.

रेकॉर्डिंगवर किती विश्वास ठेवायचा?

ग्रेगोरिओ अलेग्री यांची 'मिझेरेरे' ही सतराव्या शतकातली रचना सिस्टीन चॅपलमध्ये गुड फ्रायडेच्या आठवड्यात गायली जायची. १४ वर्षांच्या मोझार्टनं १७७० मध्ये ती तिथे ऐकली आणि आठवणीतून लिहून काढली, हा किस्सा प्रसिद्ध आहे.

आज ही रचना केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजच्या १९६३ च्या रेकॉर्डिंगमुळे किंवा 'टॅलिस स्कॉलर्स' या गटाच्या १९८० च्या रेकॉर्डिंगमुळे ओळखली जाते. त्यातला एक अतिशय उंच स्वर ऐकून अंगावर काटा येतो. पण अभ्यासकांच्या मते तो स्वर अलेग्रींचा नाही. नंतरच्या काळात वेगवेगळ्या नोंदींची सरमिसळ झाली आणि तो त्यात शिरला. मूळ गायक कागदावर नसलेल्या हरकती घ्यायचे आणि त्या गुरूकडून शिष्याकडे तोंडी जायच्या. त्या हरकतींमुळेच ही रचना गाजली होती.

ग्रेगोरियन चांटचंही तसंच. फ्रान्समधल्या सोलेम मठाच्या साधूंनी एकोणिसाव्या शतकात जुनी हस्तलिखितं अभ्यासून ते पुन्हा उभं केलं. त्यांचं गाणं सपाट, शांत आणि एकसारखं आहे. उलट मार्सेल पेरेस यांच्या 'आन्साम्बल ऑर्गानुम' या गटानं रोमच्या जुन्या चर्चगायनाची जी रेकॉर्डिंग केली, त्यात खालचा धरलेला स्वर, मुरक्या आणि कणस्वर भरपूर आहेत. दोन्ही गट प्राचीन हस्तलिखितांवरूनच गातात, पण निष्कर्ष वेगळे काढतात. दोन्ही लागोपाठ ऐकून पाहा. कागदानं किती सांगितलं आणि गायकानं किती भरलं, हे ऐकता ऐकता कळू लागतं.

म्हणजे स्वरलेखनानंही सगळं वाचत नाही. सूर टिकतो, पण लहेजा आणि जागा घेण्याची रीत अनेकदा माणसाबरोबर जाते.

लोह्याचा याच्याशी काय संबंध?

मराठवाड्यातल्या ख्रिस्ती मंडळ्या लहान आहेत. अनेक चर्चमध्ये आता कीबोर्ड, तयार ट्रॅक आणि हिंदी-इंग्रजी 'वर्शिप साँग' यांची सवय झाली आहे. नवं येणं चूक नाही. टिळकांनी आणि स्टीफन्स यांनी आपापल्या काळात नवंच केलं होतं. प्रश्न एवढाच आहे की जुन्या चाली ज्यांच्या कानात आहेत, ती माणसं आता म्हातारी झाली आहेत. गीतपुस्तक राहील, शब्द राहतील. ते पद या भागात कोणत्या ढंगात म्हणायचे, हे पुस्तक सांगणार नाही. भारूड, गोंधळ आणि वाघ्या-मुरळीच्या पदांनाही हेच लागू होतं.

काय करता येतं याचं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटेविन यांनी गावोगावी सहकाऱ्यांना सोबत घेऊन जात्यावरच्या एक लाखांहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यातल्या कित्येक आवाजासह जतन झाल्या आणि आता 'परी' या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात. घरोघरी पिठाच्या गिरण्यांमुळे जातं बंद पडलं, पण तो सूर वाचला.

१६१६ मध्ये हे शक्य नव्हतं. आज प्रत्येकाच्या खिशात रेकॉर्डर आहे. घरातल्या किंवा गावातल्या जाणत्या माणसाचं गाणं जपायचं असेल तर या गोष्टी पुरेशा आहेत :

• आधी परवानगी विचारा. रेकॉर्डिंग कुणाकुणाला पाठवणार तेही सांगा.

• पंखा आणि टीव्ही बंद करा. फोन विमान मोडवर टाकून गाणाऱ्यापासून हात-दीड हातावर स्थिर ठेवा.

• गाणं सुरू होण्याआधी गाणाऱ्याचं नाव, गाव आणि तारीख आवाजातच बोलून घ्या.

• पद कुणाकडून शिकलं आणि त्याची चाल कोणत्या गाण्यावरची आहे, हे विचारा.

• पूर्ण पद घ्या. तीस सेकंदांची रील नंतरही कापता येते.

• फाइलला नीट नाव द्या आणि दोन ठिकाणी ठेवा. व्हॉट्सॲपवर पाठवायची असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, म्हणजे आवाजाचा दर्जा घसरत नाही.

हिल्डेगार्ड यांचे सूर साडेआठशे वर्षांनी ऐकू येतात, कारण त्या मठात कुणीतरी ते रेषांवर उतरवून ठेवले. ख्रिस्तपुराणाच्या अकरा हजार ओव्यांच्या वाट्याला तसं कुणी आलं नाही. लोह्यातल्या एखाद्या आजीला पाठ असलेल्या पदाच्या बाबतीत मात्र ते अजून करता येण्यासारखं आहे.